खुर्चीसकट

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी ‘बाई जरा जास्तच बोलली’ म्हणायला नको. आयुष्यभर शाळेची बस चालवली मी. मागे गाडीभर पोरं कल्ला करत असताना पुढे रस्त्यावर नजर ठेवायची म्हटलं की आवाज चढतोच, आणि एकदा चढला की काही उतरत नाही. आमचे हे अगदी उलटे. पलंग-सोफ्यांच्या दुकानात सेल्समन होते. इतकं गोड बोलायचे की उशी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक डबल बेड घेऊन जायचं. शेजाऱ्यांशी मी भांडायचं आणि यांनी जाऊन मिटवायचं, असा आमचा संसार छान चालला होता.

गेल्या वर्षी यांना झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मालिश, व्यायाम करून हातपाय बरेच सावरले, पण जीभ तिथेच अडून बसली. डोकं अगदी स्वच्छ आहे हो. फक्त शब्द एकेक करून येतो, आणि दोन शब्दांच्या मधे समोरच्याचा चहा गार होतो. तेवढं थांबतंय कोण? डॉक्टर माझ्याशी बोलतात, जावई माझ्याशी बोलतो, केस कापणारासुद्धा यांच्या डोक्यावर कात्री धरून मलाच विचारतो, “किती बारीक करू?”

म्हणून मी गाडी घेतली. मागे पलंग, एवढासा ओटा, एका माणसाला कसंबसं वळता येईल असा संडास. चाकांवरचं घरच म्हणा ना. जुनी आहे, पत्रा वाजतो, आम्ही तिला डबडं म्हणतो. लेकीने फोनवर डोकं धरलं. “आई, बाबांना घेऊन या वयात कुठे वणवण करतेस?” म्हटलं, “घरात बसून भिंतींशी गप्पा मारण्यापेक्षा वणवण बरी. तू तुझं बघ.”

फिरत फिरत आम्ही या तळ्याकाठच्या तळावर आलो. आमच्यासारख्या गाड्या लावून लोक इथे आठ-आठ दिवस राहतात. बाकीची सगळी जागा उताराची आणि खडीची. पण न्हाणीघराजवळची एक जागा मात्र सपाट होती, आणि तिच्यापासून थेट संडासाच्या दारापर्यंत सिमेंटची पायवाट होती. मी डबडं तिथे लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना पायऱ्या उतरवून खाली आणलं, तर यांनी काठी घेतली आणि मला हाताने ‘बस’ म्हणून खुणावून एकटे निघाले. झटक्यानंतर पहिल्यांदा. वर्षभर मी त्यांना धरून नेत होते, दाराबाहेर उभी राहत होते. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मला रडू फुटलं, आणि ते दिसू नये म्हणून मी घासलेलीच भांडी पुन्हा घासली. त्या दिवसापासून ती जागा म्हणजे माझ्या लेखी नुसती जागा राहिली नाही.

या तळावर जागांना नंबर नाहीत. आधी येईल त्याची जागा. मधेच गाडी घेऊन कुठे जायचं असेल तर जागेवर आपलं काहीतरी सामान ठेवायचं, म्हणजे लोकांना कळतं की ही माणसं परत येणार आहेत. कुणी टेबल ठेवतं, कुणी सतरंजी. एका बाईने तर तुळतुळीत पुसलेली फुलाची कुंडी ठेवलेली मी पाहिली.

तर त्या दिवशी डबड्यातल्या संडासाची टाकी भरली. ती रिकामी करायची सोय खाली फाटकापाशी. रस्ता खड्ड्यांचा, आणि यांना डबड्याच्या उंच पायऱ्या चढवायच्या म्हणजे दोघांच्याही तोंडाला फेस. घरून आणलेली हातांची लाकडी खुर्ची होती, कारण कापडी खुर्चीत हे बसले की उठता येत नाही. ती मधोमध मांडली, यांना बसवलं, काठी शेजारी टेकवली आणि गाडी सुरू केली. टेबल-बिबल काही काढलं नाही. म्हटलं, अख्खा जिताजागता माणूस बसलाय, याहून मोठी खूण ती कुठली?

खाली ही रांग. माझ्या पुढच्या गृहस्थाला पाइप जोडताच येईना, आणि बायकोने सांगितलेलं ऐकायचं नाही असं त्याने ठरवलेलं. होता होता चांगलाच उशीर झाला. परत येऊन वळण घेते, तर माझ्या जागेवर बसएवढी पांढरीशुभ्र गाडी उभी! वर डिश, बाजूला जनरेटर धडधडतोय.

हे कुठेच दिसेनात. मग दिसले. पलीकडे झाडाखाली, कचऱ्याच्या पिंपांपाशी, त्याच खुर्चीत. तोंड पिंपांकडे. काठी त्या पांढऱ्या गाडीच्या पोटाखाली पडलेली, म्हणजे उठून यायचीही सोय नाही. मी धावत गेले. यांचे डोळे लाल झाले होते आणि डावी मूठ घट्ट आवळलेली होती.

“कुणी केलं हे?” मी विचारलं. यांनी ओठ हलवायला सुरुवात केली, पण मी कसली थांबते! मी तशीच त्या गाडीकडे वळले आणि दारावर थापा मारल्या.

आतून एक जण उतरला. अर्धी चड्डी, कपाळावर गॉगल, हातात कॉफीचा मग. “काय झालं मावशी?”

“मावशी असेल तुझी घरी. ही जागा आमची आहे.”

“असं कसं? इथे गाडी नव्हती, सामान नव्हतं.”

“माझा नवरा होता!”

“हां, काका होते ना,” तो अगदी हसतमुखाने म्हणाला. “मी विचारलं त्यांना, जरा बाजूला घेऊ का म्हणून. काही बोलले नाहीत. मग मी आणि मेहुण्याने खुर्चीसकट उचलून तिकडे सावलीत ठेवलं. उन्हात बसले होते बिचारे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ठेवलं? बोचकं आहे का ते, ठेवायला? आणि सावलीत म्हणे! तुझ्या बापाला कचऱ्याच्या पिंपाकडे तोंड करून बसव आणि मग सांग मला सावलीच्या गोष्टी!”

“आवाज खाली, मावशी.”

“हा खालचाच आहे. वरचा अजून काढला नाही.”

आजूबाजूच्या गाड्यांची दारं उघडली. कुणी खांद्यावर टॉवेल टाकून आलं, कुणी हातात तापलेली कढई तशीच घेऊन. आवाज ऐकून तळाची मॅनेजर आली. तरुण पोरगी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर ‘आजच कशाला हे?’ असा भाव. दोघांचं ऐकून घेतलं तिने.

“मॅडम, तुमच्याच पाटीवर लिहिलंय,” जनरेटरवाला न्हाणीघराच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवत म्हणाला. “जागेवर सामान ठेवावे. सामान नव्हतं. आता माणूस म्हणजे काही सामान नाही.”

“अस्सं! आत्ता माणूस झाला होय तो?” मी म्हटलं. “उचलताना नव्हता?”

जमलेल्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅनेजरने कपाळ चोळलं. ती वाईट नव्हती, पण तिला भांडण नको होतं, आणि ज्याला भांडण नको असतं तो नेहमी कमी धिप्पाड गाडीवाल्याला हलायला सांगतो, हा माझा रस्त्यावरचा अनुभव. “काकू, वरच्या टोकाला एक जागा आहे,” ती म्हणाली. “तिथून तळं छान दिसतं. विजेचे पैसे घेणार नाही. काकांना चालेल का?”

“नाही चालणार,” मी ताडकन म्हणाले. “वर खडी आहे, चढ आहे. तिथून त्यांना एकट्याने संडासला जाता येत नाही. इथून येतं. एवढी एकच गोष्ट ते माझ्याशिवाय करतात, आणि ती मी कुणाच्या जनरेटरपायी सोडणार नाही.”

“अहो, पण काकांना काय फरक पडतो?” जनरेटरवाला मॅनेजरकडे बघत म्हणाला. “खाली बसले काय, वर बसले काय. बसायचंच तर आहे.”

मग मात्र मी वरचा आवाज काढला. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, पोरंबाळं वाचत असतील. एवढंच सांगते, की डबडं त्याच्या दारासमोर आडवं लावीन, चावी तळ्यात फेकीन, मग बघू कुठून बाहेर पडतोस, इथपर्यंत मजल गेली होती. आणि बोलता बोलता लक्षात आलं, की समोरची माणसं माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या मागे बघताहेत.

खर्रर्र आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

हे उठले होते. काठी नव्हती, म्हणून खुर्चीलाच धरलं होतं त्यांनी. पाठ दोन्ही हातांनी पकडून खुर्ची खडीतून वीतभर पुढे ढकलायची, डावा पाय टाकायचा, उजवा ओढून घ्यायचा, उभं राहून दम खायचा. पुन्हा खुर्ची. खडीत पाय अडकून ती वाकडी व्हायची, मग ती सरळ करायची. घामाने सदरा अंगाला चिकटलेला.

“अहो, पडाल!” मी धावले आणि दंडाला धरलं. त्यांनी हात झटकला. माझा! एवढ्या वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता या माणसाने माझ्यावर.

“काकू, आवरा त्यांना,” जनरेटरवाला म्हणाला. “इथे काही झालं तर माझ्यावर येईल.”

कुणीच कुणाला आवरलं नाही. हे आले. त्या पांढऱ्या गाडीच्या अगदी नाकासमोर आले, खुर्ची वळवली, पिंपांकडे पाठ केली आणि बसले. श्वास लागला होता. जनरेटरवाल्याने तोंड उघडलं. मीही उघडलं. यांनी डावा हात वर केला, शाळेत वर्गशिक्षक करतात तसा, आणि तो आधी माझ्यासमोर धरला.

खरं सांगते, जीभ चावून गप्प बसावं लागलं. जनरेटर धडधडत होता. मॅनेजरने स्वतः जाऊन तो बंद केला.

“मी,” हे म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. जनरेटरवाल्याने या पायावरचा भार त्या पायावर घेतला. “मी… नाही… म्हणालो… होतो.”

यांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

“दोनदा.”

जनरेटरवाल्याचा चेहरा पडला. “मला ऐकू… म्हणजे, मला वाटलं…”

“काढ,” हे म्हणाले. तो शब्द मात्र पटकन आला.

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं नाही, पाटीकडेही नाही. ती यांच्याकडे बघून म्हणाली, “बरोबर आहे, काका. जागेवर तुम्ही होतात आणि तुम्ही नाही म्हणालात.” मग त्याला म्हणाली, “गाडी काढा साहेब.” तो अजून काही पुटपुटत होता, पण त्याची बायको खिडकीतून कडाडली, “अहो काढा ना! लोक बघताहेत. लाज आणलीत नुसती.” ती ओरडल्यावर मात्र गाडी निघाली. मागे घेताना मेहुणा हात हलवून दाखवत होता आणि दोघं एकमेकांवरच खेकसत होते. हे समोरून इंचभर हलले नाहीत.

मी काठी उचलून यांच्या हातात दिली, डबडं जागेवर लावलं, चहा टाकला. माझं तोंड सुरूच होतं. “कसली जिरवली हो त्याची! काय तो चेहरा! म्हणे सामान नव्हतं. मी आणखी दोन मिनिटं बोलले असते ना, तर रडला असता तो. आणि तुम्ही! दोनदा म्हणे नाही म्हणालात, आणि त्या बहिऱ्याला…”

“तुला,” हे म्हणाले.

“मला काय? साखर घातलीय.”

त्यांनी मान हलवली. मी तोंड मिटलं. चहावर साय धरेपर्यंत बसले.

“तुलाही… नाही… म्हणालो… होतो. सकाळी.”

मी आठवायला लागले. खुर्ची मांडली, यांना बसवलं, काठी टेकवली. यांचं तोंड हललं होतं का? मला काही म्हणजे काही आठवेना, कारण मी पाहिलंच नव्हतं. इतकं शरमल्यासारखं झालं की डोळे वर करवेनात. 

“पुन्हा टाकी… भरली की… मी येणार.”

“अहो, पण पायऱ्या किती उंच…” मी म्हणाले आणि थांबले.

“चढेन.”

“आणि जागा? पुन्हा कुणी घुसलं तर? इथून तुम्हाला एकट्याला जाता येतं, म्हणून तर मी एवढी…”

यांनी काठी जमिनीवर आपटली. रागावले होते. झटक्यानंतर इतके सरळ ताठ बसलेले मी त्यांना पाहिलं नव्हतं. या वेळी मी नुसती वाट पाहत राहिले, त्यांच्या ओठांकडे बघत, कितीही वेळ लागू दे म्हणून.

“जागा… गेली… तर गेली,” हे म्हणाले. “मला… ठेवून… जायचं नाही.”