खारीचं तोंड बकलाकडे

चित्र ताईने काढायचं आणि ठसा धाकटीने कापायचा, हे दोघी बहिणींमध्ये पहिल्यापासून ठरलेलं होतं. ताईने उमेदीची वर्षं लाकडी ठसे कोरण्यात घालवली होती. ठसा उलटा असला तरच छाप सुलट उमटते, म्हणून ती कागदावर चित्र काढायची तेच मुळी उलटं. धाकटी तो कागद स्कॅन करायची आणि जाड ॲक्रिलिकचा तुकडा लेझर मशीनमध्ये ठेवायची. चित्राभोवतीचा भाग जळून जायचा आणि चित्र तेवढं उंच उरायचं. मग तो ठसा ओलसर चामड्यावर ठेवून प्रेसचा दांडा फिरवला की काम झालं. गिऱ्हाइकं स्वतः जी चित्रं पाठवत, ती मात्र सुलट असत. ती धाकटीला संगणकावर उलटवून घ्यावी लागत. ताईच्या चित्रांना हात लावायची गरज नसे.

चामडी बॅगांचं मोठं दुकान चालवणारी एक बाई त्या दुपारी ठसा बघायला येणार होती. धाकटीने पुढची खोली घासूनपुसून लख्ख केली आणि ताईला म्हणाली, "तू आत बसून चामडं भिजवशील का? इथे गर्दी नको."

"तीन माणसांची गर्दी?" ताईने स्वतःच्या गाऊनकडे पाहिलं. त्यावर चामड्याच्या रंगाचे जुने डाग होते. "बरं बाई, बसते."

दुकानवाली आली. शेपटी उभारून बसलेल्या खारीचा ठसा तयार होता. बाईने त्याची छाप पाहिली, बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला. "अहो, जिवंत आहे की हो ही! शेपटीचे केस बघा. कोणी काढली?"

"आमचंच काम आहे," धाकटी म्हणाली.

"म्हणजे तुम्ही?"

इथे एक शब्द पुरला असता. धाकटीने मान हलवली, तीही अशी की हो समजायचं असेल त्याने हो समजावं. बाई हो समजली. "काय हात आहे तुमचा!" असं ती म्हणाली, तेव्हा धाकटीला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला.

"आता छोट्या पाकिटांसाठी हीच खार लहान करून द्या. मी बसते. पण एक लक्षात ठेवा, खारीचं तोंड बकलाकडे हवं, या मोठ्या खारीसारखंच."

धाकटीने संगणकावर खार उघडली. बाई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. "अय्या, ही तर उलटी दिसतेय."

"ठसा करताना उलटवावं लागतं ना," धाकटी जाणकाराच्या सुरात म्हणाली आणि बोलता बोलता तिच्या बोटांनी सवयीने बटण दाबलंसुद्धा. पडद्यावरची खार वळली. आधीच उलटी असलेली खार आता सुलट झाली होती. स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र असतं तर तिच्या ते लक्षात आलं असतं. तिचं लक्ष बाईच्या कौतुकाकडे होतं.

मशीन घरघरलं. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. ठसा गार झाल्यावर तिने तो लाकडी ठोकळ्याला चिकटवला, चामड्याच्या तुकड्यावर ठेवला आणि दांडा फिरवला. ठसा उचलला, तर खार बकलाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेली.

"पाठ फिरवली की हो हिने!" बाई हसली.

आपलं काय चुकलं ते धाकटीला त्याच क्षणी कळलं. पण तोंडातून भलतंच निघालं. "आत मदतीला एक बाई आहेत. त्या कधी कधी फाइल उलटी करून ठेवतात. किती वेळा सांगितलं, पण..."

ओल्या चामड्याचा ट्रे घेऊन ताई दारात उभी होती.

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. ताईने मात्र तिच्याकडे पाहिलं नाही. ट्रे टेबलावर ठेवला, हात गाऊनला पुसले आणि हळू आवाजात म्हणाली, "हो मॅडम. चुकलं माझं. दुसरा करून घ्या."

एरवी तिचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा.

दुकानवालीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "असू द्या. होतं असं," एवढंच म्हणाली.

दुसरा ठसा बरोबर आला. बाई खूश झाली, सशाचं आणि साळिंदराचं चित्रही काढा म्हणाली आणि गेली. धाकटी दार लावून वळली. ताई कापून उरलेले तुकडे गोळा करत होती.

"चहा टाकू का, मॅडम?"

"ताई, अगं, असं काय..."

"का? पगारी बाईने चहा टाकू नये?"

"माझ्या तोंडून निघून गेलं गं."

"पहिलंही निघूनच गेलं होतं. भिंत काही दगडाची नाही, मला सगळं ऐकू येतं." ताईने तुकडे डब्यात टाकले. "चित्र तुझं म्हणालीस. मी आत बसून हसले. म्हटलं, मिरवू दे, लहानपणी माझे फ्रॉक घालून मिरवायचीच की. पण चूक तेवढी माझी? कौतुकाच्या वेळी मी या घरात नव्हते, आणि शिव्या खायला बरी सापडले."

धाकटीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. तिने फोन उचलला आणि ताईसमोरच दुकानवालीला लावला.

"मघाशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "चित्र माझं नाही. उलटवायची चूक माझी. आणि त्या मदतीच्या बाई नाहीत, माझी सख्खी मोठी बहीण आहे."

"बहीण आहे ते कळलं हो मला," बाई म्हणाली. "नाकं सारखीच आहेत तुमची. ससा त्यांनाच काढायला सांगा." आणि तिने फोन ठेवला.

धाकटी फोन हातात धरून उभी राहिली. म्हणजे 'असू द्या' म्हणताना बाईला सगळं ठाऊक होतं. आपण सख्ख्या बहिणीला मोलकरीण केलं, ते बघत ती समोर बसून होती, आणि नंतर पुढचं काम देऊन, हसून गेली होती.

"काय म्हणाल्या?" ताईने विचारलं.

"ससा तू काढ म्हणाल्या."

"आणि?"

"त्यांना कळलं होतं. आपल्या नाकांवरून."

धाकटीला वाटलं, आता तरी ताई हसेल. नाकावरून त्या दोघी आयुष्यभर एकमेकींना चिडवत आल्या होत्या. ताईने ट्रेमधलं चामडं चाचपून पाहिलं. ते वाळायला लागलं होतं, पुन्हा ओलं करायला हवं होतं. ती स्पंज घेऊन आत गेली आणि जाताना मधलं दार तिने ओढून घेतलं.