शून्य उकेल

सुरतेतल्या उधन्याच्या एका लूमखात्यात धुडकू सत्तावीस वर्षं जॉबर. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. पण धुडकूच्या हाताखालचे अठ्ठेचाळीस माग बिघडतच नसत, ही त्याची खोड. खात्यात शिरला की पाना खिशात आणि कान मागांकडे. नट ढिला झाला की त्याला आवाजावरून कळे, आणि मोडायच्या आत तो आवळून मोकळा होई. शेठला वाटे, आपले मागच चांगले.

मग शेठचा मुलगा धंद्यात आला आणि त्याच्या पाठोपाठ फॉर्म आला. ज्याने त्याने आपली अक्कल आपणच मोजायची, आणि कमी भरली तर कडोदऱ्याच्या नव्या खात्यात हेल्पर व्हायचं. पन्नाशीतल्या माणसाने झाडू मारायचा, सरळ बोला ना!

फॉर्म गुजराती. एका रकान्यात होतं, ‘एक वर्षमां उकेल’. धुडकूला अक्षरं लागत, पण शब्द त्याने आपल्याच गावचा वाचला, ‘उकल’. खानदेशात शिवण उकलते. मागावर कापडाची किनार उकलते, आणि उकललेलं कापड म्हणजे जॉबरच्या तोंडाला काळं. त्याने छाती काढून शून्य लिहिलं. पुढे अक्षरांतही लिहिलं, कुणी खाडाखोड करू नये म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ऑफिसात फॉर्म तपासायला प्रज्ञा होती. उधन्यातच वाढलेली, गिरणीतल्या काशीरामची मुलगी.

“काका, उकेल म्हणजे उपाय,” ती हळूच म्हणाली. “अडचण आली आणि तुम्ही सोडवली, असं किती वेळा झालं?”

“अडचण येऊच दिली नाही.”

“ते कुठल्या रकान्यात लिहू?”

ध चा मा व्हायला अख्खं अक्षर लागलं होतं. इथे एका मात्रेत माणूस कडोदऱ्याला निघाला. प्रज्ञा बिचारी भली. म्हणाली, “शनिवारपर्यंत एक तरी प्रसंग सांगा, मी बदलून घेते.”

धुडकू आठवत बसला. जे घडलंच नाही त्याचा प्रसंग कुठून आणायचा? खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. छातीत कुणी कापूस कोंबावा तसं नुसतं बधिर वाटत राहिलं.

शुक्रवारी सकाळी एकतिसाव्या मागाचा आवाज बदलला. तो माग लोटूचा. लोटू धुडकूच्याच गावचा, मीटरवर पगार घेणारा कारागीर. शटल मारणाऱ्या दांड्याचा नट ढिला झाला होता, दोन मिनिटांचं काम. धुडकूचा हात खिशात गेला, बोटं पान्याला लागली, आणि तिथेच राहिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो सगळीकडे फिरला आणि तो आवाज ऐकत राहिला.

सुट्टीनंतर शटल मधेच अडकलं. ताण्याचे शेकडो धागे तटातट तुटले. लोटू डोक्याला हात लावून खाली बसला.

धुडकूने दांडा बसवला, नट आवळला. मग लोटूशेजारी बसून पाळी संपेपर्यंत एकेक धागा सांधला. लोटूची अख्ख्या दिवसाची मजुरी बुडाली होती, तरी तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, “तू व्हता म्हनीसन वाचनू, भाऊ.” शनिवारी तो आपणहून ऑफिसात गेला आणि धुडकूने माग कसा उभा केला ते रंगवून सांगून आला.

प्रज्ञाने शून्यावर रेघ मारून एक लिहिलं. “बघा काका, येतं की तुम्हाला. पुढच्या वर्षी जरा जास्त आणा.”

घरी बायकोने, धुरपदाबाईने विचारलं, “फारमनं काय व्हयनं?”

“व्हई गयं.”

तिने ताट वाढलं. ताटात कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. तिने ते केलेलं नव्हतं. लोटूच्या बायकोने आठवणीने पाठवलं होतं, नवऱ्याचा माग वाचवला म्हणून.

धुडकूने सगळं खाल्लं. मीठ कमी होतं की जास्त, ते त्याला सांगता आलं नाही.