उन्हाळ्यातले लोकरीचे मोजे

"एवढ्या उकाड्यात लेकराला लोकरीचे मोजे? कोन घालतं गं बाय? वर ते देवदूत बघा, ते पन उघड्या पायांनीच फिरतात."

ही कुजबुज माझ्या मानेमागून आली. ॲंजेलाबायची कुजबुज. ती राजोडीहून मासळीची टोपली घेऊन निघाली की तिची हाक तीन वाड्या ऐकतात. चर्चमध्ये तोच गळा असतो, फक्त त्यावर रुमाल टाकलेला.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार होता. फादरांनी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या सगळ्यांच्या हातात होत्या आणि सगळे त्यांनीच वारा घेत होते. माझ्या मांडीवर माझी नात शॅनन, तीन महिन्यांची. अंगात पातळ झबलं, आणि पायांत थेट गुडघ्यापर्यंत गुलाबी लोकरीचे मोजे.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. शेजारी माझी विहीण, इनेझ टीचर, बसल्या होत्या. त्यांनीही ऐकलं नाही असं दाखवलं, पण हात पुढे करून डाव्या पायाचा मोजा आणखी वर ओढला. मोजे त्यांनीच विणले होते. गुलाबी, पिवळे, पांढरे, लेस लावलेले. लोक बाळासाठी एखादा स्वेटर विणतात, टीचरांनी नुसते मोजेच विणले.

कारण असं, की शॅननच्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत. करंगळीला खेटून आणखी एक, वाटाण्याएवढं, आणि त्याला नखसुद्धा आहे. डॉक्टर म्हणाले, काही काळजी करू नका, मोठी होऊ दे, मग काढायचं की ठेवायचं ते बघू. आम्ही माना डोलावल्या. मग डॉक्टर गेले आणि टीचर म्हणाल्या, "आमच्या घराण्यात तर असं कुणाचं नाही."

माझ्या लेकीनं, ज्युलीनं, माझ्याकडे बघितलं. मी माझ्या नवऱ्याकडे, युजीनकडे बघितलं. युजीननं आपल्या बुटांकडे बघितलं.

त्या डाव्या बुटात काय आहे ते आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे. युजीन लहानपणी सगळ्यांबरोबर तळ्यात पोहलाय, शाळेत अनवाणी गेलाय. पण मिसरूड फुटल्यापासून तो चर्चला, लग्नाला, बाजाराला बंद बूट घालूनच जातो. अनवाणी फिरतो तो फक्त स्वतःच्या केळीच्या वाडीत, कारण केळी कुणाला जाऊन सांगत नाहीत. मला लग्नानंतर कळलं. तेव्हा मी म्हटलं होतं, "एक जास्तच आहे ना? कमी तर नाही?" मी हसले, तोही हसला, आणि पुन्हा मोजा घातला.

टीचर पडल्या माणिकपूरच्या. स्टेशनजवळ फ्लॅट, जन्म शाळेत गेलेला, त्यांना वाडीतल्या गोष्टी कोण सांगणार? त्यांचा रॉकी आणि आमची ज्युली यांचं जमलं तेव्हाही युजीन मला म्हणाला होता, "ते बोटाचं काही बोलू नको." मी नाही बोलले. मग नात झाली, आणि ते बोट आपणहून बोललं.

आता बाळ बघायला माणसं येतात ती बाळाची वाटणी करायलाच. नाक बापाचं, कपाळ आजीचं, रंग मामाचा. शॅननचीही झाली. नाक रॉकीचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. रॉकी बोटीवर नोकरीला आहे, त्यालाही मोबाईलवर त्याचं नाक दाखवून झालं. पण गुडघ्याखाली कुणी उतरायचं नाही. आमच्या वाडीतली माणसं तर मोज्यांकडे बघायची, मग युजीनच्या पायांकडे बघायची, आणि मग चहा छान झालाय म्हणायची.

एवढंच असतं तर मी मोजे सहन केले असते. ज्युली बाळंतपणाला आमच्याकडे; टीचर संध्याकाळी रिक्षानं यायच्या, तोवर ती मोजे चढवून ठेवायची. त्या गेल्या की काढायची. बाळंतिणीनं सासूशी भांडू नये, म्हणून मीही गप्प. माझा जीव तुटायचा तो युजीनसाठी.

नात झाली त्या सकाळी त्यानं तिला हातात घेतलं होतं. तिच्याशी बोलतही होता, केळीचं लोंगर कसं धरतात तसं सांभाळून धरून. नर्सनं दुपटं सोडलं, पाय दिसला, आणि त्यानं तिला माझ्या हातात दिलं. आपल्या हातांनीच तिला काही लागलं असावं, अशा घाईनं दिलं. त्यानंतर त्यानं तिला घेतलं नाही.

"हात मातीचे आहेत." "खत टाकून आलोय." "मला जरा सर्दी वाटतेय." रोज नवं कारण. कारणं संपली की उन्हात वाळत घातलेली केळी, म्हणजे सुकेळी, उलटायला अंगणात जायचा. यंदा आमची सुकेळी इतक्यांदा उलटली गेली, की सूर्यालासुद्धा कळेना कुठली बाजू वाळवायची राहिलीय.

एकदा मी अंगणात जाऊन त्याच्यापुढं उभीच राहिले. "अरे, तुझी जमीन तिला मिळणार ती चालते, तुझं एक बोट मिळालं तर काय झालं?"

"जमीन शाळेत घेऊन जावी लागत नाही," तो म्हणाला. "मला पोरं काय म्हणायची, माहितीय तुला?"

"माहितीय. एकवीस."

"मग? आता तिलाही म्हणतील. आणि ते माझ्यामुळं."

"युजीन, देव आतलं बघतो रे."

"देव बघतो. पण पुढच्या बाकावर देव नाही बसत, फ्लॉसी. टीचर बसतात."

देव आतलं बघतो हे टीचरांनी स्वतः धर्मशिक्षणाच्या वर्गात आमच्या ज्युलीला शिकवलं होतं. शिकवता शिकवता मुलींच्या रिबिनी सरळ आहेत का, तेही बघत होत्या.

तर झावळ्यांच्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपता संपता फादरांनी पवित्र गुरुवारची नावं वाचली. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर दर वर्षी या चर्चच्या धर्मग्रामातल्या बारा जणांचे पाय धुतात. यंदा प्रत्येक वाडीच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. आमच्या वाडीतून युजीनचं नाव निघालं. त्याच्या हातातली झावळी खाली पडली.

चर्चच्या अंगणात आल्यावर तो मला म्हणाला, "मी फादरांना नाही म्हणून सांगतो." तेवढ्यात टीचर आल्याच. "व्याही, अभिनंदन! केवढा मान! मी आमच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा." आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

घरी येईपर्यंत युजीनचा चेहरा पिकल्या केळ्यासारखा पिवळा झाला होता. मग मला आठवलं. "अरे, फादर एकच पाय धुतात. उजवा."

"नक्की?"

"दर वर्षी उजवाच. दुसऱ्या पायातला बूट कुणी काढतच नाही."

त्या माणसानं त्या दिवशी दोन वेळा भात घेतला.

आमच्याकडे या पाय धुण्याची एक गंमत आहे. ज्यांचे पाय धुवायचे असतात ते नाव निघाल्यापासून स्वतःच धूत असतात. फादरांना मळका पाय कसा द्यायचा? कुणी माणिकपूरच्या पार्लरमध्ये जातो, कुणी बायकोला कामाला लावतो. गेल्या वर्षी एकानं टाचेला इतकं क्रीम चोपडलं, की पाय आधीच्या फादरांच्या हातातून बोंबलासारखा सटकला. युजीननंही उजवा पाय कोमट पाण्यात बुडवला, वज्रीनं घासला, लिंबू चोळलं, खोबरेल लावलं. ज्युलीनं नखं कापून दिली. केळीच्या चिकाचे जन्माचे डाग, तेही निम्मे गेले. डाव्याकडे कुणी बघितलं नाही. त्याला वाटलं असेल, आपण सावत्र.

गुरुवारी संध्याकाळी चर्च गच्च भरलं होतं. वेदीपुढं बारा खुर्च्या, लोकांकडे तोंड करून. बारा पांढरे शर्ट. उजव्या पायातले बूट काढून ठेवलेले, म्हणजे बारा चकाकणारे उजवे पाय आणि त्यांच्या शेजारी बारा डावे बूट. युजीन रांगेत शेवटी. घरच्यांना पुढचा बाक दिला होता. ज्युली, मी, आणि मांडीवर शॅनन घेऊन टीचर. आज मोजे पांढरे, लेस लावलेले. मागे ॲंजेलाबाय, नेहमीप्रमाणे.

फादरांनी कमरेला टॉवेल बांधला, पहिल्या माणसापुढं गुडघे टेकले, आणि शॅननला कंठ फुटला.

भूक नव्हती, ज्युलीनं आत्ताच पाजलं होतं. ती उकाड्यानं हैराण झाली होती. वर पंखे होते, पण ते गरम हवा या बाकावरून त्या बाकावर नेऊन ठेवत होते. पोर पाय झाडायला लागली. मोजा घसरला. टीचरांनी वर ओढला. तिनं पुन्हा झाडला. टीचरांनी पुन्हा ओढला. दोघीही ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

"काढा म्हनावं ते," मागून आलं. "पोर भाजून निघतंय."

मला वाटलं, टीचर आता मागं वळून शाळेतल्यासारखे डोळे वटारतील. पण त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले.

"लोक बघतील, फ्लॉसी," त्या पुटपुटल्या. "मी वर्गात जन्म काढलाय. मुलं काय काय बोलतात, मला ठाऊक आहे. तिला कुणी हसलेलं मला नाही सहन होणार."

अगदी हेच मी घरी ऐकलं होतं, आमच्या अंगणात, सुकेळी उलटता उलटता. एकाच पोरीवरच्या मायेनं एक जण तिला घेत नव्हता आणि दुसरी तिला भाजत होती. मी जीभ चावली. इतके दिवस चावतेय, आता तिचं काय उरलंय तेच मला कळत नाही.

मी समोर बघितलं. युजीन आमच्याकडेच बघत होता. नातीच्या पायाकडे. बंद बुटात एप्रिलचा पाय कसा होतो, हे त्याच्याइतकं चर्चमध्ये कुणाला माहीत होतं?

फादर एकेका खुर्चीपुढून सरकत होते. थोडं पाणी, टॉवेल, पायावर ओठ टेकवायचे, पुढचा. ते शेवटून दुसऱ्या माणसापाशी आले, तेव्हा युजीन खाली वाकला. त्यानं तो चार दिवस घासलेला उजवा पाय मोज्यात घातला, बुटात घातला, नाडी बांधली. मग डाव्याची नाडी सोडायला लागला.

शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. "उजवा, उजवा!"

फादर समोर येऊन गुडघ्यावर बसले. युजीननं डावा मोजा काढला.

"हाच धुवा, फादर."

तो हळूच म्हणाला, पण शॅनन नेमकी श्वास घ्यायला थांबली होती, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

पाय आमच्या वाडीचा होता. टाचेला भेगा, भेगांत माती, चिकाचे काळे डाग, आणि करंगळीशेजारी ते. फादर नवे होते, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी क्षणभर बघितलं. मग तांब्या उचलला. नुसतं शिंपडून भागणार नव्हतं. त्या संध्याकाळी फादरांना पहिल्यांदा खरोखरच पाय धुवावा लागला. घमेल्यातलं पाणी गढूळ झालं. फादर वळून वेदीसेवकाला म्हणाले, "आणखी आण रे."

त्यांनी एकेक बोट धुतलं. मी मोजली नाहीत. अख्ख्या चर्चनं मोजली. मग त्यांनी पाय टॉवेलनं पुसला, वाकून त्यावर ओठ टेकवले, आणि वर बघून युजीनकडे हसले. युजीनही हसला. मला वाटलं, देवाला तर हे सगळं आधीपासून दिसत होतं. बूट आपण एकमेकांसाठीच घालतो.

टीचरांचा मोजा ओढणारा हात मध्येच थांबला होता. त्या युजीनच्या पायाकडे बघत होत्या, मग मांडीवरच्या पायाकडे, मग पुन्हा समोर. शॅननला तेवढी उसंत पुरली. तिनं एक जोरदार लाथ मारली आणि लेसवाला मोजा उडून बाकाखाली गेला. दुसरा टीचरांनी स्वतः काढला. पोर गप्प झाली आणि आपली अकरा बोटं हवेत पसरून पंख्याकडे बघत पडली.

पवित्र गुरुवारी मिस्सानंतर चर्चमध्ये बोलायचं नसतं, म्हणून सगळे बाहेर अंगणात येऊन बोलतात. त्या दिवशी सगळे फार बोलत होते. गायनमंडळ छान गायलं. फुलांची सजावट छान होती. यंदा आंबा कमी. युजीन चाफ्याच्या झाडाखाली उभा होता, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. येणारा जाणारा त्याच्या खांद्यावर थोपटत होता आणि हवेबद्दल बोलत होता. जिच्या तोंडाला कधी कुलूप नाही, ती ॲंजेलाबायसुद्धा त्याच्याजवळ गेली, त्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "कोलंबी म्हाग झाली रे, युजीन."

मग टीचर आल्या. शॅननला घेऊन, उघड्या पायांची. अंगण त्यांना वाट देत गेलं. ज्युलीनं माझा हात धरला.

"टीचर," युजीन घाईघाईनं म्हणाला, "मला आधीच सांगायला हवं होतं. आणि माझे हात जरा..."

"हात बघायला नाही आले मी. बूट खाली ठेवा, व्याही."

त्यानं बूट खाली ठेवला. टीचरांनी पोर त्याच्या हातांत दिली. त्यानं तिला धरलं, तसंच, लोंगर धरल्यासारखं. तिनं एक पाय त्याच्या शर्टाच्या खिशात खुपसला आणि दुसरा, डावा, त्याच्या हनुवटीवर ठेवला. त्याला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

टीचरांनी चष्मा नाकावर सरळ केला. आणि मागच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जावं, अशा त्यांच्या वर्गातल्या आवाजात, फाटकापर्यंतच्या सगळ्यांना सांगितलं:

"नाक आमच्या रॉकीचं आहे. कपाळ माझं. पाय मात्र आजोबांवर गेलाय."