पुढचं घर, मागचं घर

मित्रांनो, मी एका जुन्या मालबोटीचं तोंड आहे. नुसतं तोंडच. पोट आणि पाठ केव्हाच भट्टीत वितळली. त्यांचे आता कुठे पूल झाले असतील, कुठे शेगड्या. मी मात्र सुपीरियर सरोवराच्या काठी, बर्चच्या झाडांत, एका दगडी चौथऱ्यावर बसून आहे. माझ्या सात खिडक्यांतून पाणी दिसतं. धुकं उतरलं की पाणी आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसली जाते. मग मला वाटतं, मी अजून चालतेच आहे.

माझा जन्म १९१६ सालचा, एरी सरोवराच्या बाजूचा. तिथली नदी अरुंद, म्हणून आम्हाला पाण्यात सरळ सोडत नाहीत, आडवं ढकलतात. मी कुशीवर पडले, पलीकडच्या काठावर बघायला जमलेल्या सगळ्यांना अंघोळ घातली आणि सावकाश सरळ झाले. हेन्री ऑल्कॉट नावाच्या कुणा बड्या गृहस्थाचं नाव मला दिलं होतं. तो गृहस्थ माझ्यावर एकदाच चढला आणि वाऱ्याने टोपी पाण्यात गेली म्हणून रागावून उतरला. खलाशी मला पहिल्या दिवसापासून ऑल्कॉटबाईच म्हणत.

समुद्र मी पाहिला नाही. खाऱ्या पाण्यातल्या बोटी लवकर गंजतात म्हणे. आम्ही गोड्या पाण्यातल्या, पन्नास वर्षं सहज काढतो. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, तो पाण्याचा गुण.

उत्तरेकडून लोखंडाचं लाल खनिज पोटात भरायचं, सरोवरामागून सरोवर उतरत दक्षिणेच्या भट्ट्यांपाशी रिकामं करायचं, येताना कोळसा आणायचा. डिसेंबरात बर्फ धरू लागला की बंदरात बांधून घ्यायचं आणि एप्रिलपर्यंत झोपायचं. त्या झोपेत मला लाल धुळीची स्वप्नं पडत. माझ्या खलाशांच्या उशासुद्धा लाल असत.

आमच्या बोटींची एक गंमत सांगते. आमच्यावर दोन घरं असतात. एक अगदी पुढे. तिथे सुकाणू, नकाशे आणि कॅप्टन. दुसरं अगदी मागे; तिथे खाली इंजिन, वर स्वयंपाकघर. मधे शेतासारखा लांबच लांब लोखंडी डेक. पुढच्यांना वाटतं बोट आपण चालवतो, मागच्यांना वाटतं आपण. पुढचा माणूस मागच्यांच्या इंजिनघरात उतरत नसे. तसा रिवाजच होता.

या दोन घरांना जोडणारी एक वस्तू होती. वर सुकाणूघरात पितळेची मोठी तबकडी, तिला दांडा. तबकडीवर लिहिलेलं – पूर्ण पुढे, हळू पुढे, थांबा, पूर्ण मागे. वरच्याने दांडा ओढला की डेकखालून गेलेली तार ताणली जाई आणि खाली इंजिनघरातल्या तशाच तबकडीवर काटा फिरून घंटा वाजे. खालचा माणूस आपला दांडा त्याच जागी आणी, की वर घंटा वाजे. ते उत्तर. उत्तर आल्याशिवाय वरच्याने तबकडीपासून हलायचं नाही, हा नियम.

माझ्या दोन घरांत दोन भाऊ राहत. फिनलंडहून आलेल्या, हाउताला आडनावाच्या कुटुंबातले. थोरला आर्मास वर, धाकटा तैस्तो खाली. आर्मास तोलून मापून बोलणारा, तैस्तो गुणगुणत काम करणारा. पाळी संपली की तैस्तो वेलचीचा पाव रुमालात गुंडाळून, डेकची सगळी लांबी चालून वर येई.

"दादा, तुम्ही लोक वर बसून नुसती बोटं दाखवता. बोट आम्ही चालवतो."

"चालवा की. पण कुठे चाललात ते आम्हालाच विचारावं लागतं ना?"

"पाव परत नेऊ का?"

"बस रे. इतका नखरा करू नको."

अकरा वर्षं असं चाललं. आर्मासही जेवायला मागे जाई, पण इंजिनघराच्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहून हाक मारी. खाली कधी उतरला नाही. येणारा नेहमी तैस्तोच.

१९४९च्या नोव्हेंबरात त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. आम्ही खनिज भरून निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वादळाने गाठलं. लाटा डेकवरून नदीसारख्या वाहू लागल्या. पुढचे पुढे अडकले, मागचे मागे. लाट खालून गेली की मला पुढे ढकलणारा पंखा पाण्याबाहेर येऊन पिसाटासारखा फिरे. त्या क्षणी वाफ आवळली नाही तर इंजिन फुटावं, आणि पंखा बुडताच सोडली नाही तर मी लाटेला आडवं व्हावं. ती वाफेची चावी तैस्तोच्या हातात होती. प्रत्येक लाटेला एकदा आवळायची, एकदा सोडायची. असं त्याने दीड दिवस केलं.

त्याच दुपारी वरच्या बिनतारी यंत्रावर त्यांच्या बहिणीचा, लेम्पीचा निरोप आला. आई गेली.

आर्मास तेव्हा पहिला मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी होता. निरोप त्याने एकट्याने ऐकला. बोलायची नळी त्याच्या हाताशी होती. तिच्यात फुंकलं असतं तर खाली भावाच्या कानाशी आवाज गेला असता. त्याने नळीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. मग वेग कमी करायला दांडा ओढला. माझ्या अंगातून जाणारी ती तार मला कळत होती. काटा 'हळू'च्या पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला आणि मग थांबला. खालून उत्तर आलं. नेहमीपेक्षा उशिरा.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही एका उपसागराच्या आडोशाला लागलो. पाणी कसं काचेसारखं झालं. डेकवर बर्फाची पोळी धरली होती, पण चालता येत होतं. स्वयंपाकीण यादविगाबाई कॉफीचं तबक घेऊन पुढे आली. आर्मासने कॉफी प्यायली, एका चिठ्ठीवर चार शब्द लिहिले, रिकाम्या कपाखाली ठेवले आणि म्हणाला, "हे तैस्तोला द्या."

त्या दिवसापासून तैस्तो वर आला नाही. आर्मास जेवायलाही मागे जाईना. ताट वर मागवू लागला. दोघांत बोलणं म्हणून उरली ती घंटा.

यादविगाबाई पोलिश होती. जीभ तिखट, पाय सुजलेले. इंजिनघराच्या दारात उभी राहून ती तैस्तोला म्हणे, "तुझ्या भावाचं ताट नेऊन नेऊन माझ्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या. काही निरोप आहे का त्याला?"

"नाही."

"तो म्हणतो सूप खारट आहे."

"मग पाणी घालून घे म्हणावं."

"अगं बाई, तीन शब्दांच्या वर बोललास! बंदराला लागलो की चर्चमध्ये मेणबत्ती लावते."

हिवाळ्यात गावी लेम्पी बिचारी आठवड्यातून दोनदा सौना तापवी. ती त्यांची वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. शनिवारी आर्मास, बुधवारी तैस्तो. लाकडं दुप्पट लागत.

पण मित्रांनो, मला एक गोष्ट ठाऊक होती. आर्मास कॅप्टन झाला तरी दांडा दुसऱ्या कुणाला ओढू देत नसे. आणि तैस्तो मोठा इंजिनियर झाला तरी उत्तर स्वतःच देई, जेवता जेवता उठून देई. धुक्याच्या दिवशी घंटा हलकी वाजे. एक जण आजारी असला की दुसऱ्याचा दांडा जपून सरके. बंदरात शिरताना 'हळू पुढे', 'थांबा', 'हळू पुढे', असं तास-तास चाले. कुणाला तो हुकूम वाटे. मला तर दोन म्हातारे अंगणात बसून बोलताहेत असंच वाटे.

१९५७च्या हिवाळ्यात मालकांना मी अपुरी वाटू लागले. मला कोरड्या गोदीत नेलं आणि बरोबर मधोमध कापलं. पुढचं अंग ओढून दूर नेलं. मधे बहात्तर फुटांचा नवा तुकडा बसणार होता. तीन आठवडे माझ्या दोन अर्धांमधून ऊन येत होतं, चिमण्या उडत होत्या. अशी तऱ्हा मी कधी अनुभवली नव्हती. मी जागी आहे की झोपेत तेही कळेना.

एका रविवारी गोदी बंद असताना तैस्तो इंजिन बघायला आला. बघून झाल्यावर तो कापलेल्या कडेपाशी उभा राहिला. समोर माझं पुढचं अंग, आणि त्यातून लोंबणारं तारेचं तुटकं टोक. ते टोक एकदम हललं. थांबलं. पुन्हा हललं. वर सुकाणूघरात आर्मास आला होता आणि दांडा ओढून बघत होता.

तैस्तोने टोपी काढून हातात धरली. बराच वेळ तो त्या टोकाकडे बघत राहिला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण वरून पावलं वाजली नाहीत, आणि इकडून हाक गेली नाही. मग नवा तुकडा बसला, तार जोडली, आणि दोन घरांतलं अंतर बहात्तर फुटांनी वाढलं. ते माझ्यामुळे वाढलं. मला फार लाज वाटे.

१९६८च्या डिसेंबरात माझी शेवटची फेरी झाली. नव्या बोटी माझ्या दुप्पट माल नेत. मला मोडीत काढायचं ठरलं होतं, दोघे भाऊही निवृत्त व्हायचे होते. सगळ्या वाटेवर माझ्या मनात एकच घोर. भट्टीची भीती मला नव्हती. लोखंडाला ती ओळखीचीच. पण मी गेले की ती तार जाणार. मग हे दोघे बोलणार कशाने?

भर दुपारी आम्ही धक्क्याला लागलो. बारीक बर्फ पडत होता. दोर बांधून झाले. आर्मासने दांडा शेवटच्या जागी नेला. तिथे लिहिलेलं असतं – 'इंजिनाचं काम संपलं'.

खाली घंटा वाजली. उत्तर आलं नाही.

आर्मास थांबला. पुन्हा ओढला. उत्तर नाही. खलाशी पिशव्या घेऊन उतरले. यादविगाबाई टोपलीत आपली भांडी भरून वर डोकावली.

"कॅप्टनसाहेब, चला. सगळे गेले."

"उत्तर आलेलं नाही. हलता येत नाही."

"मग नळीत फुंका आणि विचारा."

आर्मासने नळीकडे बघितलं. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी काही चिठ्ठी नेणार नाही, आधीच सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी एक नेली, तिचा भार अजून उतरला नाही माझा."

ती गेली. आर्मास तबकडीशी उभा होता. मग त्याने नियम मोडला. दार उघडलं आणि तो डेकवर उतरला.

पासष्ट वर्षांचा माणूस, ताज्या बर्फावर एकेक पाऊल टाकत. माझ्या पाठीवर ती पावलं मी मोजली. मधे नवा तुकडा आला तेव्हा मी अंग चोरलं. वाटलं, आता परत फिरेल. फिरला नाही. जिन्याच्या तोंडाशी आला. नेहमीच्या जागी थांबला. आणि मग कठड्याला धरून पहिल्यांदाच खाली उतरला.

तैस्तो तबकडीसमोर स्टुलावर बसला होता. हात मांडीवर.

"उत्तर दे की," आर्मास म्हणाला.

"दिलं तर तू घरी जाशील."

"आणि नाही दिलं तर?"

"तर काय, आलासच की."

इंजिन थंड होत होतं, कुठेतरी टपटप पाणी पडत होतं. आर्मास म्हणाला, "त्या दिवशी तुझा हात चावीवर होता, तैस्तो. बोटीवर तीस माणसं होती. मी सांगितलं असतं आणि तुझा हात चुकला असता तर..."

"मला कळलं होतं."

"काय?"

"घंटेतून कळलं, तुझा हात थरथरला. अकरा वर्षांत कधी थरथरला नव्हता. तेव्हाच कळलं, आई गेली. तरी दीड दिवस चावी धरली ना मी? चुकलो का कुठे?"

आर्मासने टोपीवरचा बर्फ झटकला.

"वादळात नाही सांगितलंस, त्याचा राग नाही रे. पाणी शांत झालं, डेक मोकळा झाला. म्हटलं, आता दादा येईल. बसून राहिलो. आली ती कपाखालची चिठ्ठी." तैस्तोने तेलकट बाहीने तोंड पुसलं. "रोज मी यायचो. तू एकदा यायचंस."

आर्मास तिथे शेजारी कोळशाच्या खोक्यावर बसला. म्हणाला, "मला भीती वाटली. तुझ्या तोंडाकडे बघायची. नंतर दिवस गेले, तशी वाट लांबच होत गेली."

"बहात्तर फूट," तैस्तो म्हणाला.

आर्मास हसला की रडला, मला कळलं नाही. दोघांचे खांदे मात्र हलत होते. मग तैस्तो उठला आणि त्याने दांडा जागेवर आणला. वर रिकाम्या सुकाणूघरात घंटा वाजली. ती ऐकायला तिथे कुणी नव्हतं, फक्त मी होते.

मला मोडणाऱ्यांकडून दोघांनी माझं पुढचं घर मागून घेतलं आणि तराफ्यावरून इथे आणलं. आर्मास माझ्यात राहू लागला. तैस्तोने मागे चाळीस पावलांवर झोपडी बांधली, तिच्यात खालची तबकडी बसवली आणि मधे तार ओढली. 'हळू पुढे' म्हणजे कॉफी तयार. 'थांबा' म्हणजे पाहुणे आहेत. 'पूर्ण मागे' म्हणजे लेम्पी रागावून येते आहे, पळ. सौना शनिवारी एकदाच तापू लागली.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी कॉफीची घंटा वाजली नाही. तैस्तो चालत आला. त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. भावाचा गार पडलेला हात हातात घेऊन तो दुपारपर्यंत माझ्या खिडकीशी बसला होता. बाहेर धुकं होतं.

आता शाळेतली मुलं मला बघायला येतात. माझ्या खिडक्यांचा रंग उडाला आहे, छपराला एक गळती आहे. कुणी लक्ष घातलं तर बरं वाटेल. पण माझं मागणं वेगळंच आहे. मित्रांनो, तुम्ही येता, पितळी दांडा ओढता, लांबून घंटेचा आवाज आला की खिदळत पळून जाता. तसं करू नका. तिकडे एक म्हातारा माणूस खुर्चीतून उठतो. त्याचे गुडघे दुखतात. तबकडीपर्यंत यायला त्याला वेळ लागतो.

उत्तर येईपर्यंत थांबा. आणि आलंच नाही, तर चाळीस पावलं चालत जा.