अकरा फूट चार इंच

हेमाबाईंच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. येरवड्याच्या मुलींच्या शाळेत त्या सव्वीस वर्षं चित्रकला शिकवत होत्या आणि दर जूनमध्ये पहिल्याच तासाला नव्या मुलींकडून खोडरबर गोळा करून कपाटात ठेवून देत. चुकलेली रेघ खोडायची नाही, तिच्याशेजारी बरोबर रेघ काढायची, म्हणजे आपण कुठे चुकलो ते डोळ्यांसमोर राहतं, असं त्यांचं म्हणणं. गणिताच्या बाईंना हे मान्य नव्हतं. पण गणिताच्या बाईंना काय मान्य असतं?

वारज्याहून शाळेत यायला त्यांना दोन बस बदलाव्या लागत. बसमध्ये छोट्या वहीत त्या पुढच्या सीटवरच्या माणसाची मान, कान, टोपी काढत बसत. मध्येच कुणी हललं तर "जरा सरळ बसा, कान राहिलाय" असं सांगायला त्यांना संकोच वाटत नसे. यजमान बाळासाहेब पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. मे महिन्यात आणि दिवाळीत दोघं एसटीने कुठेतरी लांब जात. हेमाबाई देवळाच्या पायरीवर बसून चित्र काढत आणि बाळासाहेब खिशातली टेप काढून त्याच पायरीची उंची घेत. प्रवासाच्या वहीत डाव्या पानावर चित्र आणि उजव्या पानावर माप. तीस वर्षांचा संसार असा समोरासमोरच्या पानांवर बिनबोभाट चालला होता.

दोन हजार पाच साली त्यांच्या मुलाच्या, गंधारच्या, कंपनीने खराडीला नवी इमारत घेतली. कालपरवापर्यंत जिथे ज्वारी डोलत होती तिथे काचाच काचा. रिसेप्शनची चाळीस फूट लांबीची भिंत रिकामी होती. गंधारने आईचं नाव सुचवलं. इमारतीचं सगळं बघणारा दिग्विजय नावाचा तरुण मॅनेजर 'शाळेच्या मुलींनी काढलेलं चित्र' म्हटल्यावर लगेच हो म्हणाला, कारण असल्या गोष्टींचे फोटो पेपरात येतात. हेमाबाईंनी त्याला विषय विचारला नाही, सांगितला. नववीतल्या अठरा मुली, प्रत्येकीने घरचं एक माणूस समोर उभं करून काढायचं, आणि मग ते भिंतीवर चढवायचं, खऱ्याहून मोठं.

ही माणसं लातूर, परभणी, बीडकडून पुण्यात आलेली. कुणी गवंडी, कुणी फरशी बसवणारा, कुणी धुणीभांडी करणारी. खराडीतल्या असल्याच इमारतींवर त्यांतल्या निम्म्यांचे हात लागलेले. दसऱ्याला उद्घाटन होतं आणि अठराही घरांना आमंत्रण होतं. तुमच्या आईवडिलांना त्यांची तोंडं भिंतीवर दिसतील, असा शब्द हेमाबाईंनी मुलींना दिला होता, आणि बाईंचा शब्द म्हणजे त्या शाळेत घंटेच्या वरचा.

भिंतीचं माप अर्थातच बाळासाहेबांनी घेतलं. फरशीपासून वरच्या स्लॅबपर्यंत, तीन ठिकाणी, तीनदा. अकरा फूट चार इंच. कागदावर लिहून त्यांनी खाली सही केली आणि तारीखही घातली. मग कागदावरच्या एका इंचाला भिंतीवर एक फूट अशा चौकटी आखून मुलींनी दोन महिन्यांच्या शनिवार-रविवारी माणसं उभी केली. पावणेअकरा फुटांची अठरा माणसं, खांद्याला खांदा लावून. मुली शिड्यांवरून उतरायला तयार नसत.

घटस्थापनेच्या सकाळी त्या अठरा मुलींतल्या उत्कर्षाचे वडील कोंडीराम चॅनेलच्या पट्ट्या घेऊन तिथे आले. ते फॉल्स सीलिंगचं, म्हणजे स्लॅबच्या खाली टांगायच्या छताचं, काम करत आणि योगायोगाने या मजल्याचं काम त्यांच्याच मुकादमाकडे होतं. आधी ते भिंतीवरच्या स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी नऊ फुटांवर खूण केली आणि सुतळीला निळा रंग लावून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झटकली. रेघ अठरा गळ्यांवरून सरळ गेली.

"बाई," कोंडीराम हळूच म्हणाले, "ह्या माणसायची मुंडकी सीलिंगाच्या वर चालली की."

बाळासाहेबांनी टेप काढून पुन्हा मोजलं. अकरा फूट चार इंचच भरलं. माप बरोबरच होतं असं ते दोनदा म्हणाले.

"बरोबरच आहे," हेमाबाई म्हणाल्या. "धरणाला कुणी फॉल्स सीलिंग लावत नाही, त्यात तुमचा काय दोष?"

दिग्विजयने सीलिंग वर घ्यायला साफ नकार दिला. वरून एसीचे पाइप जाणार होते आणि नकाशा बंगलोरहून मंजूर होऊन आला होता. त्याच्या मते हेडलेस फिगर्सही ॲक्चुअली मॉडर्न दिसतात. ते नको असेल तर त्याच्याकडे तयार फ्लेक्स होता, पृथ्वीचा गोळा आणि त्याच्यापुढे हस्तांदोलन करणारे दोन हात. हेमाबाईंनी त्याला सांगितलं की मुंडकं नसलेली माणसं तुम्हांला चालत असतील, मला चालत नाहीत, आणि हाताला माणूस नसेल तर तेही नाही. दसऱ्यापर्यंत भिंत माझी आहे.

गंधारने मोबाइलवर हिशेब करून तोडगा काढला. सगळी माणसं ऐंशी टक्के करायची, म्हणजे बरोबर आत बसतात. ते हेमाबाईंना पटलंही होतं. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या भिंतीसमोर विचार करत उभ्या होत्या, तेव्हा कामावरचे लोक डबे घेऊन तिथेच टेकले. कोंडीरामांनी पाय पसरले, एकाने मांडी घातली, कुणी गुडघ्यावर कोपर ठेवून दुसऱ्याची गंमत ऐकत होता. हेमाबाईंनी सवयीने वही काढली. चार रेघा झाल्या आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी खालच्या माणसांकडे पाहिलं आणि भिंतीवरच्यांकडे पाहिलं. भिंतीवरचे सगळे ताठ होते. हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी आत, नजर समोर. साहेबापुढे उभं राहावं तसे. दोन महिने त्या बघत होत्या आणि त्यांना ते दिसलं नव्हतं. दिसणार कसं? घरच्यांना समोर उभं करा, असं त्यांनीच तर सांगितलं होतं. मुलींनी सांगितल्याप्रमाणे उभं केलं, आणि बाईंनी उभं राहायला सांगितलंय म्हटल्यावर ती माणसं आयुष्यभर उभी राहत आली तशी उभी राहिली. बाळासाहेबांची चूक दोन फूट चार इंचांची होती. आपली त्याहून मोठी आहे, हे हेमाबाईंना कळलं, आणि लाजही वाटली.

संध्याकाळी त्यांनी मुलींना बोलावून घेतलं आणि स्वतः पांढऱ्या रंगात रोलर बुडवला. उत्कर्षा म्हणाली, "बाई, पण आपण खोडत नाही ना?"

"तुमची चूक असली तर नाही खोडायची," हेमाबाई म्हणाल्या. "बाईंची असली तर बाईंनी खोडायची. चेहरे तेवढे ठेवायचेत. बाकी मी पुसतेय."

चेहरे ठेवले बाळासाहेबांनी. पाटबंधाऱ्यातून उरलेली ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घरच्या माळ्यावर होती. ती घेऊन ते साठी ओलांडलेल्या गुडघ्यांनिशी शिडीवर चढले आणि दोन दिवसांत अठरा तोंडं, एकेक सुरकुती धरून, उतरवून घेतली.

मुलींना हेमाबाईंनी नवं काम दिलं. घरी जा, कुणाला काही सांगू नका, आणि घरचं माणूस जेवण झाल्यावर कसं बसतं ते काढून आणा. मुख्याध्यापिकांना सहामाही परीक्षेची काळजी होती. त्यांना हेमाबाईंनी लेखी दिलं की एकही मुलगी नापास होणार नाही, आणि मुलींना तोंडी सांगितलं की झाली तर बघा. मुलींनी वह्या भरून आणल्या. कुणाची आई भिंतीला टेकून पाय चोळत होती, कुणाची आजी एक गुडघा वर करून पान लावत होती, कुणाचा बाप नुसताच हसत होता. ट्रेसिंगवरची तोंडं या बसलेल्या अंगांवर चढवली आणि अष्टमीपर्यंत भिंतीवर सगळे दाटीवाटीने, एकाच्या खांद्याआड दुसरा असे बसले. सर्वांत वरचं डोकंसुद्धा कोंडीरामांच्या निळ्या रेघेच्या हातभर खाली राहिलं.

दिग्विजयने येऊन पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. रिसेप्शनमध्ये जमिनीवर बसलेले लोक? क्लायंट अमेरिकेहून येणार आहेत, मॅडम.

"का? अमेरिकेत बसत नाहीत का?" असं म्हणून हेमाबाई ब्रश धुवायला निघून गेल्या. फ्लेक्स उघडायला आता वेळ नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण लागलं. अठरा घरांतली माणसं ठेवणीतले कपडे घालून आली आणि आत आल्याबरोबर थबकली. मुलींनी हाताला धरून ज्याला त्याला आपापल्या चित्रापुढे नेलं. एका आजीने स्वतःच्या रंगवलेल्या गुडघ्याला हात लावून पाहिला. कोंडीराम स्वतःला बघून नुसते मान हलवत राहिले.

मग दिग्विजय पाहुण्यांना आणायला गेला, आणि हेमाबाईंच्या लक्षात आलं की सगळी माणसं समोरच्या भिंतीला लागून ओळीने उभी राहिली आहेत. हात पुढे बांधलेले, हनुवटी आत. मधले सोफे रिकामे. हेमाबाईंनी बसा म्हटलं, पुन्हा म्हटलं. कुणी बसेना. साहेब लोक येत्यात, उभंच बरं, असं कोंडीराम म्हणाले. या मजल्यावर त्यांनी नऊ दिवस काम केलं होतं आणि कुठे बसायचं असतं, कुठे नसतं, हे त्यांना हेमाबाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं.

हेमाबाईंनी जास्त विचार केला नाही. अंगावर पैठणी होती, तिच्यासकट त्या चित्राच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसल्या. बाळासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग गुडघे सावरत, एक हात भिंतीला धरून, तेही बसले. कोंडीरामांची बायको द्वारका त्या दोघांकडे पाहत होती. ती ओळीतून निघाली, येऊन हेमाबाईंशेजारी बसली आणि पदर नीट करून नवऱ्याला खुणावलं. कोंडीराम आले. मग एकेक करत बाकीचे आले.

लिफ्टचं दार उघडलं. दिग्विजय पुढे, मागे गोरे पाहुणे, सुटातले साहेब, गंधार. बूट वाजत जवळ आले. कोंडीरामांनी झटकन हात फरशीवर टेकला आणि ते अर्धे उठले.

द्वारकाने त्यांचा सदरा मागून धरला.

"तिथं भितीवर सगळ्यायदेखत बसलाव," ती म्हणाली. "मंग हितं कशाला उठताव?"

कोंडीरामांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा येणाऱ्या बुटांकडे. मग ते खाली बसले आणि त्यांनी पाय पसरले.