पंख्याचा नंबर

जुनं विमान घ्यायचं असेल तर आधी विमान बघायचं नाही, असं चांगदेवमामाचं म्हणणं. आधी त्याच्या वह्या बघायच्या. विमान एकदा समोर आलं की माणूस त्यात बसायला उतावळा होतो, आणि मग वहीत त्याला हवं तेवढंच दिसतं.

म्हणून शनिवारी दुपारी डोंबिवलीला मामाच्या घरी मी जेवणाच्या टेबलावर त्या लॉगबुकांच्या प्रती पसरून बसले होते. विमान दोन सीटचं, एका इंजिनाचं. विकणारे श्रीपाद नावाचे गृहस्थ, घोडबंदर रोडला राहणारे. घेणारा कोलशेतचा मितेश. तो दुसऱ्यांच्या विमानांवर मुलांना उडायला शिकवतो. आता त्याला स्वतःचं हवं होतं, आणि त्यासाठी त्याच्या वडिलांनी, गुणाजीकाकांनी, मोठी बोट विकली होती. सोमवारी करार व्हायचा होता.

मामा विमानांचा इंजिनियर, आता निवृत्त. विमान उडण्याजोगं आहे असं लिहून खाली सही करण्याचा अधिकार असलेला आमच्या घरातला पहिला माणूस. आई अजून सांगते, चांगदेवने सही केल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. मितेशने त्याला गाठलं ते याचसाठी: विकणाऱ्याच्या माणसाकडून तपासून घ्यायचं नाही, बाहेरचा माणूस हवा.

मी एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये धातूतल्या भेगा शोधते. आकडे ताडून बघायचं काम म्हणून माझ्याकडे आलं. नोंदणी श्रीपादांच्याच नावावर होती, बँकेचा बोजा नव्हता. उड्डाणाचे तास पानागणिक जुळत होते. मग एका जागी मी थांबले.

"मामा, २००९च्या ऑगस्टमध्ये पंख्याचा नंबर ४१७ने संपतो. पुढच्या मार्चमध्ये ८६२ने."

"पंखा बदलला असेल."

"तसं लिहिलंय. 'पंखा बदलला. इंजिन तपासले. समाधानकारक.' पण का बदलला ते नाही. बाकी सगळीकडे कारण आहे. टायर बदलला तरी कारण आहे."

मामाने चष्मा काढून पुसला. मी खालची सही बघितली. 'च'ची शेपटी खाली लांब ओढलेली. ही शेपटी मला पाठ होती. बाबा फिरतीवर असत तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकावर हीच सही असायची.

"तुला माहीत होतं?"

"मितेशने विमानाचा नंबर सांगितला तेव्हाच ओळखलं. सोळा वर्षं झाली."

"मग हे काम घेतलंस कशाला?"

"मला बघायचं होतं, मी नक्की काय लिहिलंय ते."

मग त्याने सांगितलं. शिकाऊ मुलाने विमान उतरवताना आपटलं आणि फिरत्या पंख्याची टोकं धावपट्टीला घासून वाकली. अशा वेळी इंजिन पूर्ण उघडायचं असतं, कारण तो झटका पंख्यातून आतल्या दांड्यापर्यंत जातो. पण मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या, फ्लाइंग क्लबच्या साहेबांना दोन दिवसांत विमान हवं होतं. मामाने दांड्याचं बाहेरचं टोक मोजलं, ते सरळ भरलं, आणि त्याने सही केली.

"त्यानंतर साडेतीनशे तास उडालंय," मी म्हणाले. "इंजिन एकदाही उघडलेलं नाही. पण काही झालंही नाही."

"तुझ्या लॅबमध्ये काही झालं नाही असं लिहून देतेस का तू?"

नाही देत. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या दांड्यात केसाएवढी भेग वर्षानुवर्षं थांबून असते, हे मी आठवड्यातून दोनदा तरी बघते.  मामाने ते पान काढून पिशवीत ठेवलं.

रविवारी सकाळी आम्ही कोलशेतला गेलो. गुणाजीकाका ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते.

"बस गो पोरी," ते म्हणाले. "विमान कसा हाय?"

मितेश आतून चहा घेऊन आला. "काका, पास ना? मी परवा बघून आलेलो, रंग एकदम नवा आहे."

"मी हे विमान तपासू शकत नाही," मामा म्हणाला.

"का? सिलॅबसच्या बाहेरचं आलं?"

मामा हसला नाही. त्याने पान पुढे ठेवलं आणि बोट सहीवर टेकवलं. "ही माझी आहे." मग काल मला सांगितलेलं सगळं, त्याच क्रमाने, त्याला सांगितलं. साहेबांचा उल्लेख या वेळी केला नाही.

 गुणाजीकाकांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं.

"म्हंजे फुटल्या होरीला वरून फली तुमीच मारली," ते म्हणाले, "नि आतला बघलाच नाय."

"नाही बघितलं."

"आणि ह्यो उडनार व्हता त्याच्यात."

"हो."

मितेशने विचारलं, "मग आता? सोडून देऊ?"

"लगेच नको. इंजिन मान्यता असलेल्या वर्कशॉपमध्ये उघडायचं, तू निवडशील त्या इंजिनियरसमोर. माझ्यासमोर नाही. श्रीपादांनी ते आधी लेखी मान्य करायचं. नाही म्हणाले तर सोडून दे. काय घडलं होतं ते मी सहीनिशी लिहून देतो. विमान खात्यालाही पाठवतो."

"तुमच्यावर येईल ना काका."

"यायला पाहिजे."

मितेशने तिथूनच श्रीपादांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. इंजिन उघडायचं म्हटल्यावर पलीकडून जरा हसण्याचा आवाज आला.

"अहो, वहीत स्पष्ट लिहिलंय, समाधानकारक म्हणून. खाली इंजिनियरची सही आहे. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

मितेशने मामाकडे बघितलं. मामाने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"ती सही माझी आहे," तो म्हणाला. "इंजिन मी उघडलं नव्हतं."

पलीकडून प्रश्न आला, "तुम्ही कोण बोलताय?"

मामाने पूर्ण नाव सांगितलं, आणि मागोमाग लायसन्सचा नंबर, एकेक आकडा सुटा करून, न बघता. माझी नजर सवयीने पानावर गेली. सहीखाली तोच नंबर होता.