पुसलेली फाइल जागा सोडत नाही

सर्व्हर बाईंच्या गळ्यात पडला. आधी तो सांभाळणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले आणि साहेबांनी दवाखानाभर नजर फिरवली, तर कीबोर्डकडे न बघता टाइप करणाऱ्या रेकॉर्डच्या बाई एकट्याच. "बाकीचं शिकून घ्या," साहेब म्हणाले.

आज डिस्क शंभर टक्के भरली आणि तपासणीचा एकही रिपोर्ट छापेना. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर काम बाहेरच्या कंपनीला आणि बाई परत तळघरात, जुन्या केसपेपरांच्या धुळीत. निम्मी नोकरी बाईंनी तिथे शिंकत काढली होती.

शिकवायला होती एकटी थोरली नणंद. ती दुसऱ्या शहरात असले सर्व्हर डझनावारी हाकायची. वहिनीला पोळ्यासुद्धा गोल येत नाहीत, हे तिचं मत लग्नापासून कायम होतं.

बाईंनी 'डीयू' ही कमांड चालवून सगळ्यांत लठ्ठ फाइल हुडकली. कोणीही कधी न वाचलेली नोंदींची फाइल. 'आरएम'ने उडवली. मग 'डीएफ' लावून जागा पाहिली. शंभर टक्के. शेवटी नाक मुठीत धरून फोन लावला.

"वन्सं, फाइल पुसली. जागा तशीच."

"पुसायच्या आधी विचारायचं."

"तेव्हा तुम्ही फोन उचलत नव्हतात."

"बरं. अहो वहिनी, पुसल्यावर नुसतं नाव जातं. एखादा प्रोग्राम ती उघडून बसला असेल, तर तो उठेपर्यंत जागा त्याचीच."

"म्हणजे मामंजींसारखं. घर तुमच्या भावाच्या नावावर, पुढची खोली अजून त्यांची."

"बाबांना मध्ये आणू नका. 'एलएसओएफ' टाका, कोण बसलंय ते दिसेल."

बसला होता साहेबांचा प्रोग्राम. वरच्या मजल्यावर साहेबांच्या भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत आलेख काढणारा. तो बंद करायचा नाही, असा साहेबांचा लेखी हुकूम होता, आणि आत्ता साहेब तेच आलेख पाहुण्यांना दाखवत होते.

"परवानगी घेऊ का?"

"घ्या की. मिळेपर्यंत तळघर झाडून ठेवा."

बाईंनी प्रोग्राम बंद केला. 'डीएफ' म्हणालं, बावीस टक्के. शेजारच्या खोलीत प्रिंटर खडखडू लागला. बाईंनी प्रोग्राम पुन्हा चालू केला, तोवर साहेब जिना उतरून दारात.

"माझी भिंत काळी का झाली?"

"डिस्क तुमच्या आलेखांनी अडवली होती, साहेब. दोन मिनिटं उठवलं त्यांना. आता बसलेत परत."

साहेबांनी प्रिंटरची खडखड ऐकली, मग बाईंकडे पाहिलं.

"पाहुण्यांना मी सांगितलं, ठरलेली चाचणी आहे."

"हो, साहेब."

"कंपनीला नको म्हणून कळवतो." साहेब वळले, थांबले. "आमच्या दुसऱ्या शाखेतही एक सर्व्हर आहे. तोही तुम्हीच बघा."

बाई हो म्हणाल्या. पगाराचं साहेब काही बोलले नाहीत.